निळीची कणीक

ऐरोली, सोमवार, २२ जानेवारी १९९६

जयमाला,

‘प्रिय’ हा शब्द सध्या दुरुस्तीला दिला आहे. परत आला की लावीन.

तुझ्या जिन्यापासून माझ्या जिन्यापर्यंत दोनशे दहा पावलं आहेत. तरी हे पत्र टपालानेच येईल, ठाण्याची वारी करून, शिक्के खाऊन, तीन दिवसांनी. मी स्वतः आले असते तर मी ओरडले असते, तू रडली असतीस, तुझ्या यजमानांनी, नंदकुमारांनी, ‘चहा टाकू का?’ म्हणून विचारलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नाहीये. म्हणून शाई.

शनिवारी तू अर्ध्यातून आतल्या खोलीत गेलीस, त्यामुळे तू अर्धंच ऐकलंस. उरलेलं अर्धं ऐकणं तुझं कर्तव्य आहे.

साडेअकराला मुलं पांगली होती. संघर्षला न्यायला रोज त्याची आजी येते, आपली बयाबाई. ती माझ्याकडची भांडी उरकून येते म्हणून तुला ओळखीची. त्या दिवशी तिची सून आली. राजश्री. दुसऱ्या पाळीला कंपनीत जायची होती, म्हणून अंगावर तो पॅकिंग खात्याचा खाकी कोट. तिने दारातच पोराला उचललं आणि दोन बोटांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. जीभ निळी. दात निळे. हिरड्यांच्या कडा निळ्या.

मग तिने परातीत पाहिलं. त्यात उरलेल्या कणकेच्या चिमण्या: पिवळ्या, लाल, हिरव्या. मग तव्याकडे पाहिलं. तव्यावर तुझ्या नातीचं, सईचं, कासव तुपात खरपूस होत होतं. आणि मग पोराच्या मुठीतल्या बिस्किटाकडे.

“मॅडम,” ती मला म्हणाली, कारण तुला ती ओळखत नव्हती, “बाकीच्यांची हळदीची, बिटाची. माझ्याच पोराची निळीची का?”

आता माझी विद्वत्ता ऐक. तीस वर्षं संस्कृत शिकवणारी बाई म्हणाली, “अगं, त्याला निळा आवडतो ना.”

“त्याला अजून तीन पण पुरी नाहीत. त्याला काय आवडतं ते तुम्हीच ठरवलंत?”

तिने कोटाच्या बाहीने पोराची हनुवटी पुसली.

“दोन शनिवार घरी येऊन ओकला. सासूबाई म्हणतात, ऊन लागलं. म्हटलं, जानेवारीत?”

तिने चपला काढल्या, आत आली, तुझ्या ओट्यापर्यंत गेली. कपड्यांच्या निळीची बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला, झाकण नीट बसवलं, जागेवर ठेवली. कोटाला हात पुसले आणि गेली. भांडली असती तर तुला सोपं गेलं असतं, नाही का? ‘कशी बोलते बघ’ म्हणता आलं असतं.

आपला वर्ग काय होता ते एकदा लिहूनच काढते, म्हणजे तू काय मोडलंस ते दोघींना दिसेल. दिवाळीनंतर सुरू केला. शनिवारी दहा ते साडेअकरा, तुझ्या हॉलमध्ये, कारण माझ्या हॉलमध्ये पुस्तकांचे डोंगर आणि दोन वर्षांच्या जीवांना गिर्यारोहणाची उपजत हौस. आठ मुलं. विकतचं काही आणायचं नाही. काड्यापेट्या दोऱ्यात ओवून आगगाडी, करवंटीचं कासव, भेंडीचे देठ कापून ठसे, जुन्या लग्नपत्रिकांवरचे हत्ती कातरून भाताच्या खळीने भिंतीवर. (तो एक हत्ती अजून तुमच्या टीव्हीच्या काचेवर आहे. निघत नाही, असं नंदकुमार अभिमानाने सांगतात.) आणि पहिला नियम माझा: जे तोंडात गेलं तरी चालेल तेच हातात द्यायचं. कारण या वयात हात हा तोंडाकडे जाणारा रस्ता असतो.

म्हणून कणीक. प्रत्येकाने घरून वाटीभर पीठ आणायचं, सगळं एका परातीत ओतायचं, सगळ्यांनी मिळून मळायचं. मग हळद, बिटाचं पाणी, पालकाचं पाणी. चिमण्या, साप, कासवं, आणि शौनक करतो ते काहीही. आणि अन्न टाकायचं नाही ही अट तुझी, म्हणून शेवटी तू ते सगळं तव्यावर भाजायचीस आणि ज्याची चिमणी त्याने खायची. सगळ्या घरांचं पीठ एका परातीत. मला तर तो यज्ञच वाटायचा. हस, हस.

संघर्ष डिसेंबरात आला, आणि त्याचं पीठ त्या परातीत कधी पडलंच नाही, जयमाला. तू दारातच त्याच्या हातातून वाटी घ्यायचीस. “तुझी आपण वेगळी छान करू हं, राजा.” आणि त्याच्या गोळ्यात नीळ. निळीचं भाजता येत नाही, खाता येत नाही, म्हणजे ते बाकीच्यांच्या तव्यावर यायचा प्रश्नच मिटला. त्याला बिस्किट. सात शनिवार तो बाकीच्या मुलांना आपापली चिमणी खाताना बघत बिस्किट खायचा. आणि ओला गोळा हळूच चाटायचा, कारण आपण केलेलं खायचं असतं एवढं त्यालाही कळलं होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं.

आज बयाबाई भांड्यांना आली. पोर यापुढे येणार नाही, म्हणाली. सून नको म्हणते. शनिवार त्याला कळत नाही, वाटी कळते. आज सोमवारीच वाटीत पीठ घेऊन उंबऱ्यात बसलाय. आणि मग तिने कढई घासता घासता सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत देते, कारण माझ्या भाषेत त्याला जागा नाही:

“बाई, मला वाटलं व्हतं, मुद्दाम दिला आसंल. आपल्या झेंड्याचा रंग. म्हनलं, मान दिला पोराला.”

तो परत यायला हवा. त्यासाठी तू दिघ्याला जाऊन राजश्रीसमोर उभी राहायला हवीस. त्याआधी मला एका शब्दाच्या प्रश्नाचं उत्तर दे. का?

अरुणा


ऐरोली, मंगळवार, ३० जानेवारी १९९६

जयमाला,

उत्तर पोचलं. नंदकुमार स्वतः घेऊन आले, वाणासकट. गुलाबी प्लास्टिकची साबणाची डबी, त्यात तिळगूळ, तिळगुळाखाली घडी घातलेली चिठ्ठी. “मी काही वाचलेलं नाही हं,” असं ते दारातच म्हणाले. यावरून त्यांनी ती दोनदा वाचली असावी.

आधी वाणाबद्दल. हे गेल्यानंतरच्या सहा वर्षांत तुझ्याकडून मला आलेलं हे पहिलं वाण. विधवेला वाण! रथसप्तमीच्या दिवशी ऐरोलीत केवढी क्रांती झाली आणि वर्तमानपत्रांना पत्ताच नाही. डबी परत पाठवते आहे. साबण माझा मी बशीत ठेवते.

आता चिठ्ठी. तुझीच वाक्यं तुला परत वाचून दाखवते, वर्गात करते तशी.

‘अरुणा, राग सोड. मी कुणाला दुखवलं नाही.’ एका मुलाला दोनदा ओकायला लावलंस, ते पोटाच्या खात्यात जमा कर.

‘माझ्या मनात काही नसतं गं, पण इतर आयांचं बघावं लागतं. त्यांनी मुलं काढून घेतली असती तर वर्गच बंद पडला असता. म्हणून मधला मार्ग काढला.’ मधला मार्ग! अगं, ज्याने तो मार्ग सांगितला त्याचाच फोटो बयाबाईच्या घरात भिंतीवर आहे. ज्यांचा मार्ग, त्यांच्याच नातवावरून तो काढलास? तुझ्या धाडसाला दाद द्यायला हवी.

शेवटचं वाक्य, ‘आणि तू तरी काय केलंस?’ त्याचं उत्तर आज देत नाही. आधी ‘इतर आया’ बघू, म्हटलं. कोण त्या?

तर मी गेले. शनिवारी आणि रविवारी, जनगणनेच्या बाईसारखी, हातात वही. तू, मी आणि बयाबाई सोडलो तर राहिल्या सहाजणी. त्यांतली एक तुझी सून. बाकीच्या पाचजणींना मी एकच विचारलं: संघर्षचं पीठ वेगळं ठेवा, असं तुम्ही म्हणालात का?

शौनकची आई: “वेगळं होतं? अय्या! मला वाटलं त्याला ॲलर्जी आहे.” ॲलर्जी! गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला गव्हाचं पीठ घेऊन कोण पाठवेल, हे तिला सुचलं नाही. पण खोटं बोलत नव्हती.

तळमजल्यावरच्या जुळ्यांची आई: “मी कशाला बोलू? मला दोन सांभाळून श्वास घ्यायला वेळ नाही.”

बँकेतली: “आमचं काही नाही हो मॅडम. पण सोसायटी म्हटलं की, कसंय, सगळ्यांचं...” म्हटलं, सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? “असं नाव नाही सांगता येणार.” म्हटलं, एक तरी. ती गॅस बंद करायला आत गेली. मी सात मिनिटं उभी होते. मोठा गॅस असावा.

उरलेल्या दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं, आणि दोघींनी मिळून शेवटी तुझ्या घराकडे. “तुमच्या त्या जयमालाबाईंच्या वैदेहीने विचारलं होतं ना, हा कोणाचा म्हणून.”

म्हणून काल वैदेहीला तिच्या ऑफिसच्या बसथांब्यावर गाठलं. बिचारी घाबरली. हो, विचारलं होतं, म्हणाली. पहिल्याच शनिवारी. स्वयंपाकघरात, तुला.

“का विचारलंस?”

“टोपी राहिली होती त्याची. कानटोपी. कुणाकडे पोचवायची म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, बयाबाईचा. मी म्हटलं, बरं. एवढंच.” आणि मग, बस येत असताना: “मावशी, का हो? टोपी मिळाली नाही का त्यांना?”

जयमाला, कुणीही तक्रार केली नव्हती. एकीनेही नाही. तुझी सून एक कानटोपी परत करायला निघाली होती, आणि तू त्या दोन शब्दांत अख्खी सोसायटी ऐकलीस. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून निळीची बाटली काढलीस. ‘इतर आया’ तुझ्याच डोक्यात राहतात. भाडं न देता.

मात्र त्या पाचजणींना मी निर्दोष म्हणत नाही. सात शनिवार वेगळा गोळा सगळ्यांना दिसत होता. एकीनेही ‘का?’ म्हटलं नाही.

दिघ्याला कधी जातेस ते कळव.

अरुणा


ऐरोली, सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६

जयमाला,

काल तू भाजीवाल्यापाशी दिसलीस. मला पाहून वांग्यांमध्ये एवढी रमलीस की वाटलं, तुला वांग्यात ब्रह्म सापडलं. सई तुझं बोट सोडून माझ्याकडे धावली. “अरुणाआजी, चिमनी कधी?” मी म्हटलं, आजीला विचार. तू म्हणालीस, “चल, ऊन वाढलंय.”

तुझी दुसरी चिठ्ठी वैदेहीने आणून दिली. एकच ओळ. ‘माझ्यावर बोटं रोखणारी तू कोण? तू नाही का हसलीस?’

ठीक. चार दिवस हे पत्र लिहून फाडते आहे. आता लिहून होईल असं दिसतंय, कारण कागद संपत आले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, ‘मला यातलं काही माहीत नव्हतं.’ ते खोटं आहे. संघर्षच्या तिसऱ्या शनिवारी, नाताळच्या आधी, मी पाणी प्यायला आत आले तेव्हा तू त्याच्या गोळ्यात नीळ घालत होतीस. बाटली मी पाहिली. तिच्यावरचा पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचा फोटोही पाहिला. तुझा हात क्षणभर थांबला, आठवतं? तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही बोलले असते तर तू त्या क्षणी ते थांबवलं असतंस. हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही कळतं आहे. तू परवानगी मागत होतीस.

मी पाणी पिऊन बाहेर आले. पोर गोळा चाटत होतं, ओठ निळे. आणि मी, सगळ्यांसमोर, त्याच्या हनुवटीला हात लावून म्हणाले, “अरे वा! आमचा नीलकंठ!”

आधी मी हसले, मग तू हसलीस. आया हसल्या. शौनकच्या आईने अर्थ विचारला, तेव्हा मी तिला समुद्रमंथनही सांगितलं. सगळ्यांना रत्नं मिळाली आणि विष ज्याने प्यायलं त्याचा गळा निळा झाला. रंगवून सांगितलं. मला रंगवून सांगता येतं. सगळे हसताहेत म्हणून पोराने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तुमच्या हॉलमध्ये त्याला कुणी संघर्ष म्हटलं नाही. ‘ए नीलकंठ, इकडे बस.’ ‘नीलकंठाला बिस्किट द्या.’

परवानगी मागितली होतीस, मी नाव दिलं. आणि देवाचं नाव दिल्यावर मग कुणाला काही विचारायचं उरतच नाही, हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक आहे.

वर बयाबाईला मी ते कौतुकाने सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. “आमी देव मानत न्हाई, बाई. पन तुमी नाव दिलं म्हंजी चांगलंच आसंल.” केवढी सभ्य बाई. मला तिने वाचवलं आणि मला ते कळलंही नाही.

का बोलले नाही ते चार दिवस शोधते आहे. भीती नव्हती, तू काय मला खाणार होतीस? सापडलं ते असं. हे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तू मला म्हणालीस, “अरुणा, हळदीकुंकवाच्या गर्दीत तू नको येऊस. दुसऱ्या दिवशी ये, आपण दोघीच निवांत बसू. तुला वेगळं छान काहीतरी करते.” गुळाची पोळी केली होतीस, साजूक तुपाची धार धरून. मी खाल्ली. चांगली होती. पुढची पाच वर्षंही खाल्ली. माझा कुठे अपमान झाला, उलट केवढा जिव्हाळा, असं मी स्वतःला सांगत आले. ज्या तोंडाने ती सहा वर्षं खाल्ली, त्या तोंडाने ‘त्याचं वेगळं का?’ असं कसं विचारणार होते? विचारलं असतं तर आधी माझंच विचारावं लागलं असतं.

तुझं कौशल्य इथे आहे, जयमाला. तू कुणाला हाकलत नाहीस. तू वेगळं छान करून देतेस. ज्याला देतेस तो आभार मानतो. बयाबाईने मानले, मी मानले. तुझ्यावर रागवायला सुद्धा माणसाला सहा वर्षं आणि एक राजश्री लागते.

हे लिहिलं म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. माझा गुन्हा कबूल केल्याने तुझा अर्धा होत नाही. हे भागाकाराचं गणित नाही.

तू जात नाहीस हे दिसतंच आहे. येत्या रविवारी मी जाते.

अरुणा


ऐरोली, सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

जयमाला,

काल दिघ्याला जाऊन आले. हे पत्र नीट, बसून वाच. शेवटी तुझं काम आहे.

बयाबाई रिक्षापाशी घ्यायला आली होती. कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची ओळ. वाटेत माझी मनातल्या मनात तयारी चालली होती. ते चहा देतील, मी बशीत ओतून मुद्दाम सगळ्यांदेखत पिईन, पाणी मागून घेईन. केवढी मोठी बाई मी! अगदी घोट कसा घ्यायचा तेही ठरलं होतं.

कुणी चहा विचारलाच नाही.

राजश्री दाराबाहेर कोट धूत होती. तिचा नवरा किसन उंबऱ्यात स्टोव्हची पिन मारत बसला होता. “बसायला सांगितलं असतं,” तो म्हणाला, “पण ही म्हणते, आधी कशाला आलात ते सांगू दे.” आणि पिन मारत राहिला.

संघर्ष आत होता. राजश्री कंपनीतून चिकटपट्टीची रिकामी पुठ्ठ्याची कडी आणते. त्याने ती एकावर एक रचून मनोरा केला होता, त्याच्या उंचीचा, आणि सगळ्यात वर स्टीलची वाटी पालथी. मला राहवलं नाही. “वा! हे कुणी शिकवलं?”

“बघायला आलात का?” राजश्री म्हणाली.

“नाही. माफी मागायला आले.”

“कोणाकडून?”

“माझ्याकडून. आणि जयमालाकडूनही, तिच्या वतीने...”

“का? त्यांना पाय नाहीत?”

किसन हसला. बयाबाई “आगं, जरा...” म्हणाली. राजश्रीने कोट पिळला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग माझ्याकडे वळली. “बोला.”

मी सगळं सांगितलं. बाटली पाहिली होती तेही, नीलकंठही.

“म्हणजे काय ते?” तिने विचारलं.

मी सांगितलं. हे सांगणं रंगवता आलं नाही.

“म्हणजे विष पिणारा.”

“हो.”

“आणि सगळे हसले.”

“हो.”

“हा पण?”

“त्याने टाळ्या वाजवल्या.”

बयाबाईने पदर तोंडाला लावला. तिला काय सांगितलं होतं मी कौतुकाने, ते तिला त्या क्षणी कळलं, माझ्यादेखत. जयमाला, मी पुष्कळ परीक्षा घेतल्या आहेत. अशी दिली नव्हती.

मग राजश्री म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही इथं येऊन का सांगताय? इथं कोण हसलं होतं? जिथं हसलात तिथं सांगा. त्याच बायांसमोर.”

मी हो म्हटलं.

“आणि त्या दुसऱ्या बाईंचं. मला माफीबिफी नको, ती तोंडाची असते. एकदा त्यांच्याच घरी, त्याच ओट्यावर करायचं. पीठ मी आणणार. सगळ्यांचं एका परातीत. हा मळणार, हा करणार, त्याच तव्यावर भाजायचं. आणि याने केलेलं पहिलं त्या बाईंनी खायचं.”

मी म्हटलं, “सई खाईल. ती तर आनंदाने...”

“पोरांना कशाला पुढं करता? पोरांनी कुठं काय केलं? बाईंनी खायचं. सगळ्यांसमोर. उभ्यानं.”

“आणि मग येईल ना हा वर्गाला?” मी विचारलं. माझ्या आवाजात लाचारी होती, ती मला ऐकू आली.

“ते मग मी ठरवीन.”

“आणि जयमालाने दारच उघडलं नाही तर?”

“तर नाही येणार.” तिने बादलीतलं पाणी गटारात ओतलं. “त्याचं काय अडणार आहे? बघितलंत ना आत. तुमचं अडतंय, म्हणून तुम्ही रिक्षा करून आलात.”

निघताना किसन म्हणाला, “शनिवारी हिची पहिली पाळी आहे, सुट्टी टाकावी लागंल. दोघं येऊ. नक्की काय ते कळवा.” मी त्याला तिथेच नक्की म्हणून सांगितलं. तुला न विचारता. तूही मला तोंडाने कधी विचारलं नव्हतंस.

तर येत्या शनिवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा वाजता आम्ही तुझ्या दारात असू. राजश्री, किसन, बयाबाई, संघर्ष आणि मी. पाचही आयांना आजच सांगून आले. बँकेतलीचा गॅस आज चालू नव्हता, त्यामुळे तिलाही पूर्ण ऐकावं लागलं. चौघी येते म्हणाल्या, एक बघते म्हणाली. वैदेही घरीच असेल. तिने मला विचारलं, “मावशी, माझ्या त्या प्रश्नामुळे झालं का हे सगळं?” मी म्हटलं, नाही गं, प्रश्नामुळे कधी काही होत नाही. तिला तू नीट सांग. मी सगळं सांगितलं तर तुझ्या वाट्याला काही उरायचं नाही.

मी तुला ओळखते. तू परवापर्यंत आजारी पडशील. शुक्रवारी ठाण्याच्या बहिणीकडे जायचा तुझा बेत होईल. नंदकुमार ‘जाऊ दे ना, सोडून द्या’ म्हणायला खाली उतरतील. त्यांना सांग, चहा टाकून ठेवा म्हणावं, नऊ जास्तीच्या माणसांचा, एकाच पातेल्यात.

पण जयमाला, तू नसलीस तरी माझं काम होणार आहे. मला नीलकंठाची गोष्ट सांगायची आहे, खरी, तुझ्या हॉलमध्ये झाली ती, सुरुवातीपासून, कोण कोण हसलं त्यासकट आणि सर्वांत आधी कोण हसलं त्यासकट. दार उघडलंस तर आत सांगेन. नाही उघडलंस तर जिन्यात सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता जातो. तुझा जिना तर चार मजल्यांचाच. प्रत्येक मजल्यावरची दारं उघडतील. मग मी तुझ्या बंद दाराला पाठ लावून, त्या पोरासमोर, राजश्रीसमोर, माझ्या वाटणीचं सगळं बोलेन.

तुझ्या वाटणीचं फक्त तुलाच खाता येईल.

पीठ ते आणतील. परात मी आणते. तवा तुझा.

अरुणा